शरीराचा जमाखर्च

दिवाळीत व्यापारी आपल्या चोपड्यांची पूजा करतात. नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक रेखाटले जाते आणि मग दिवसामागून दिवस तिच्या जमा व खर्च या दोन बाजू भरत जातात. वर्षअखेरीस त्या ताडून पाहिल्या म्हणजे धंदा कसा चालला आहे हे उमगते. आपल्या शरीराचीही अशीच एक वही आहे. ती कोणी लिहीत नाही आणि कोणी पूजीतही नाही. परंतु पोटात गेलेला एकही घास तिच्यात नोंदल्यावाचून राहत नाही आणि चाललेले एकही पाऊल तिच्यातून गळत नाही.

ही वही वाचण्याचा पहिला मोठा उद्योग इटलीतील पादुआ येथे सांक्तोरिओ नावाच्या वैद्याने केला. त्याचा काळ १५६१ ते १६३६ हा होय. त्याने एका मोठ्या तराजूला खुर्ची टांगली आणि तीत बसून तो स्वतःचे वजन करू लागला. जेवणापूर्वी वजन, जेवणानंतर वजन, झोपेनंतर वजन, असा त्याचा क्रम सुमारे तीस वर्षे चालला होता. खाल्लेले अन्न, प्यालेले पाणी आणि शरीराबाहेर पडलेले मलमूत्र हे सर्व तो तोलून पाही. हिशेब करता त्याला एक नवल आढळले. आठ पौंड अन्नपाणी पोटात गेले, तर मलमूत्रावाटे केवळ तीन पौंडच बाहेर पडत. मग उरलेले पाच पौंड गेले कोठे? ते त्वचेवाटे व श्वासावाटे, डोळ्यांना न दिसता, निघून जातात असे त्याने १६१४ साली आपल्या ग्रंथात सांगितले.

हे न दिसणारे कसे जाते, याचा उलगडा पुढे फ्रान्समधील लाव्हाझिए या रसायनशास्त्रज्ञाने केला. त्याने आणि लाप्लास या गणितज्ञाने एका गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या पात्रात ठेवले आणि त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो हे मोजले. १७८३ साली त्यांनी आपला निष्कर्ष जाहीर केला. श्वसन म्हणजे एक प्रकारचे मंद ज्वलनच होय, असा तो निष्कर्ष होता. समईत तेल जळते, तसे शरीरात अन्न जळते. फरक इतकाच की येथे ज्योत दिसत नाही. जळलेल्या अन्नाचा कार्बन डायऑक्साइड वायू श्वासाबरोबर बाहेर पडतो. शरीरातील चरबी कमी होते तेव्हा ती घामातून वितळून जाते, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नव्हे. १० किलो चरबी जळाली, तर तिच्यातील सुमारे ८.४ किलो भाग वायुरूपाने श्वासावाटे जातो आणि उरलेल्या १.६ किलो भागाचे पाणी होते.

आता वहीची जमेची बाजू पाहू. अन्नातून मिळणारी ऊर्जा कॅलरी या मापाने मोजतात. एक किलो पाणी एक अंश सेल्सिअसने तापविण्यास जेवढी उष्णता लागते, ती आहाराच्या हिशेबात एक कॅलरी धरली जाते. भाकरी, भात, साखर अशा पदार्थांतील एक ग्रॅम कर्बोदकांपासून सुमारे ४ कॅलरी मिळतात. डाळी, दूध, अंडी यांतील प्रथिनांपासूनही तितक्याच मिळतात. तेल-तूप मात्र याबाबतीत फार श्रीमंत आहे. त्याच्या एका ग्रॅमपासून ९ कॅलरी मिळतात. तळलेला पदार्थ लहान दिसूनही भारी का पडतो, हे यावरून ध्यानात येईल.

खर्चाची बाजू याहून विलक्षण आहे. तुम्ही स्वस्थ निजलेले असता, तेव्हाही हृदय धडधडत असते, फुप्फुसे हलत असतात, मेंदू जागता पहारा देत असतो आणि अंगाची ऊब कायम राखली जात असते. बैठे जीवन जगणाऱ्या माणसाच्या एकूण खर्चापैकी निम्म्याहून अधिक खर्च या मुक्या कामांवरच होतो. थोडा खर्च अन्न पचविण्यात जातो. उरलेला खर्च हालचालीचा. तो मात्र ज्याच्या त्याच्या हाती असतो. मुलांच्या वहीत आणखी एक मोठी रक्कम असते, ती म्हणजे वाढीची. हाडे लांबावयाची असतात, स्नायू भरावयाचे असतात. त्यांना द्रव्य लागतेच.

जमा खर्चाहून अधिक झाली, की शिल्लक चरबीच्या रूपाने साठते. चरबी ही मुळात वाईट वस्तू नव्हे. ती थंडीपासून रक्षण करते, नाजूक अवयवांना गादीप्रमाणे जपते आणि आजारपणात शिदोरीसारखी उपयोगी पडते. परंतु ‘अति तेथे माती’ हा न्याय येथेही लागू आहे. चरबीचा साठा बेसुमार वाढला, की मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांना वाट मोकळी होते आणि गुडघ्यांवर भार पडतो.

हा साठा एका दिवसात होत नाही. थेंबे थेंबे तळे साचे, तसा तो साचतो. चमचाभर साखरेत सुमारे २० कॅलरी असतात. ३०० मिलिलिटरच्या गोड शीतपेयाच्या बाटलीत साधारणपणे ३० ग्रॅम साखर, म्हणजे सहासात चमचे असते. ती बाटली पाच मिनिटांत रिकामी होते. पण तिच्यातील सुमारे १२० कॅलरी खर्ची घालण्यास प्रौढ माणसाला अर्धा तास झपाझप चालावे लागते. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, ही आपली म्हण या बाटलीच्या बाबतीतही विसरू नये.

स्थूलतेची चिंता ही काही आजकालची नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल व अतिकृश या दोन्ही शरीरांचा विचार केलेला आहे. स्थूलतेची कारणे सांगताना तेथे अतिभोजन, व्यायामाचा अभाव आणि दिवसा झोपणे यांचा निर्देश आहे. त्याचबरोबर ‘बीजस्वभाव’ हेही एक कारण दिले आहे. बीजस्वभाव म्हणजे आईवडिलांकडून आलेली शरीराची घडण. आजचे शास्त्रही आनुवंशिकतेला महत्त्व देते. दोन मुले एकाच ताटात जेवली तरी दोघांची अंगकाठी सारखी होत नाही. म्हणून एखाद्याच्या देहाकडे पाहून ‘हा आळशी आहे’ किंवा ‘हा खादाड आहे’ असा निवाडा करणे हे अज्ञानाचे लक्षण होय.

तथापि आपल्या हाती काय आहे, हेही पाहिले पाहिजे. याविषयी दोन जुन्या पाहण्या फार बोधप्रद आहेत. त्यांतील पहिली लंडनमधील दुमजली बसगाड्यांवरची. अशा गाड्या मुंबईतही १९३७ सालापासून धावू लागल्या, त्यामुळे त्यांचे रूप आपल्याला अपरिचित नाही. प्रत्येक गाडीवर दोन माणसे असत. चालक आपल्या आसनावर कामाचा बहुतेक सर्व वेळ बसून असे. वाहक मात्र तिकिटे देत सतत वरच्या मजल्यावर चढे व खाली उतरे. दिवसाकाठी त्याच्या ५०० ते ७५० पायऱ्या होत. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा हजारो माणसांच्या प्रकृतीच्या नोंदी तपासल्या. चालकांपेक्षा वाहकांना हृदयविकार कमी होतो, आणि झाला तरी तो उशिरा व सौम्य स्वरूपात होतो, असे त्यांना दिसून आले. १९५३ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले.

पुढे १९५६ साली मॉरिस यांनी एक मौजेची युक्ती योजली. या कामगारांना गणवेश मिळत आणि ते शिवण्यासाठी घेतलेली मापे कचेरीत नोंदलेली असत. त्यांनी विजारीच्या कमरेची मापे पाहिली. चालकांच्या विजारी वाहकांच्या विजारींपेक्षा रुंद निघाल्या! एखादा उतावळा माणूस येथेच टाळ्या पिटून मोकळा झाला असता. परंतु शास्त्रज्ञाला शंका घ्यावी लागते. तरुण चालकांच्या कमरादेखील रुंदच होत्या. मग बैठ्या कामाने माणसे जाड झाली, की जाड माणसांनीच बैठे काम पत्करले? ही शंका रास्त होती. म्हणून सडपातळ वाहकाची तुलना सडपातळ चालकाशी आणि जाड वाहकाची जाड चालकाशी करून पाहण्यात आली. तेव्हा सर्वच गटांत वाहकांचे पारडे जड ठरले. याचा अर्थ असा, की पायऱ्या चढणाऱ्याचे शरीर जाड असो वा सडपातळ, चढण्याचा लाभ त्याला मिळतोच. व्यायामाने वजनाचा काटा फारसा हलला नाही म्हणून जे निराश होतात, त्यांनी हे लक्षात ठेवावे. डॉ. मॉरिस स्वतः नव्वदी उलटल्यावरही व्यायाम करीत. २००९ साली वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी ते निवर्तले.

दुसरी पाहणी आपल्याच देशातली. पश्चिम बंगालमधील एका तागाच्या गिरणीत जाँ मायर, पूर्णिमा रॉय आणि कामाख्याप्रसाद मित्र यांनी २१३ पुरुषांचा आहार, वजन व काम यांची नोंद केली आणि ती १९५६ साली प्रसिद्ध झाली. त्यांत जड ओझी वाहणारे होते, लोहार होते, कारकून होते, देखरेख करणारे होते आणि दिवसभर दुकानात बसून राहणारेही होते. अपेक्षेप्रमाणे अधिक कष्ट करणारे अधिक जेवत आणि हलके काम करणारे त्याहून कमी जेवत. दोघांचीही वजने बेताची होती. नवल होते ते अगदी बैठे काम करणाऱ्यांचे. ते कमी जेवावयास हवे होते. प्रत्यक्षात मात्र त्यांचा आहार जड कष्ट करणाऱ्यांइतका भरला आणि सर्वांत जड माणसे तीच निघाली. शरीराला थोडी तरी हालचाल असेल तर भूक प्रामाणिक मुनिमाप्रमाणे खर्च पाहून मागणी करते. शरीर अगदीच बसून राहिले, की या मुनिमाचा हिशेब चुकू लागतो. त्या काळी असे बैठे जीवन थोड्यांच्या वाट्याला येई. आज उद्वाहन आहे, दाराशी स्वयंचलित वाहन आहे आणि हातात मोबाइल आहे. त्यामुळे दुकानात बसलेल्या त्या माणसाप्रमाणे पुष्कळांचा दिवस जाऊ लागला आहे.

वजन वाढले तर ते उतरवावे कसे? येथे माणसे बहुधा घाई करतात. कोणी जेवण सोडून देतो, कोणी नुसत्या फळांच्या रसावर राहतो, कोणी जाहिरातीतली चूर्णे घेतो. चार दिवस काटा खाली येतो खरा. पण त्यात पाण्याचा भाग पुष्कळ असतो आणि चरबीबरोबर स्नायूही झिजतात. शिवाय शरीर स्वस्थ बसत नाही. १९९४ साली न्यूयॉर्क येथील रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रिडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चरबीच्या पेशींतून निघणाऱ्या एका संप्रेरकाशी निगडित जनुक शोधून काढले. त्या संप्रेरकाला पुढे लेप्टिन हे नाव मिळाले. ‘कोठारात माल आहे’ हा निरोप ते मेंदूला पोहोचविते. चरबी घटली की निरोप क्षीण होतो. मग मेंदूला वाटते, दुष्काळ आला! तो भूक वाढवितो आणि खर्चाला कात्री लावतो. महाराष्ट्राने १९७२ साली जसा दुष्काळ सोसला, तसे दुष्काळ मानवजातीने हजारो वर्षे सोसले आहेत. त्या काळात हाच पहारा माणसाला तारीत आला. आज तोच वजन उतरविणाऱ्याच्या आड येतो. मेलबर्न येथील संशोधकांनी २०११ साली दाखवून दिले, की वजन उतरल्यानंतर एक वर्ष लोटले तरी भुकेचे हे संदेश पूर्ववत होत नाहीत. उतरलेले वजन परत चढते ते नेहमी माणूस दुबळ्या मनाचा असतो म्हणून नव्हे. त्याला स्वतःच्याच देहाशी झगडावे लागते.

म्हणून वजन उतरविण्याहून ते राखणे कठीण. पण कठीण म्हणजे अशक्य नव्हे. अमेरिकेत रीना विंग व जेम्स हिल या दोन संशोधकांनी १९९४ साली एक नोंदवही उघडली. ज्यांनी निदान १३.६ किलो वजन उतरवून ते निदान एक वर्ष राखले आहे, अशांचीच नावे तीत घेतली जातात. आतापर्यंत दहा हजारांहून अधिक माणसांनी तीत आपली माहिती दिली आहे. त्यांनी वजन उतरविले नाना मार्गांनी. ते राखण्याच्या त्यांच्या सवयी मात्र पुष्कळशा सारख्या आहेत. बहुतेक जण दिवसाला सुमारे एक तास शरीराला हालचाल देतात, आणि त्यांचा सर्वांत आवडता व्यायाम म्हणजे साधे चालणे. बहुतेक जण सकाळची न्याहारी चुकवीत नाहीत. पुष्कळ जण आठवड्यातून एकदा वजन पाहतात, म्हणजे वाढ किलोभर असतानाच ध्यानात येते. आणखी एक दिलासा देणारी गोष्ट अशी, की दोन ते पाच वर्षे ज्यांनी वजन राखले, त्यांना ते पुढे राखणे सोपे गेले. सवय अंगवळणी पडली, की तिचे ओझे वाटेनासे होते.

मुलांनो, येथवर जे सांगितले ते मुख्यत्वे मोठ्या माणसांविषयी. तुमची गोष्ट निराळी आहे. अकरा ते तेरा हे वय वाढीचे. या वयात वजन वाढणे हे स्वाभाविकच नव्हे, तर आवश्यक असते. म्हणून आरशात पाहून किंवा मित्रांच्या बोलण्याने खट्टू होऊन जेवण सोडणे हा या वयातला घातक मार्ग होय. त्याने उंची खुंटते, हाडे कमजोर राहतात, रक्त कमी होते आणि अभ्यासात चित्त लागत नाही. अंगाने अधिक भरलेल्या मुलालाही बहुधा वजन घटवावे लागत नाही. ते काही काळ आवरून धरले आणि उंची वाढू दिली, की शरीर आपोआप प्रमाणात येऊ लागते. शंका वाटली तर आईवडिलांना सांगावे आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मनाने उपास व औषधे करू नयेत.

मग तुम्ही करावे काय? प्रथम आपले ताट पाहा. आपल्या ताटात डावीकडे कोशिंबीर आणि उजवीकडे भाजी वाढण्याची चाल जुनी आहे. चाल चांगली, पण कोशिंबीर बोटभर आणि भात डोंगराएवढा, असे होता कामा नये. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था सांगते, की ताटाचा अर्धा भाग भाज्या व फळे यांनी भरलेला असावा. उरलेल्या अर्ध्यात ज्वारी-बाजरीची भाकरी, पोळी किंवा भात, आणि त्याच्या जोडीला वरण, उसळ, दही किंवा अंडे असावे. तहान लागली तर पाणी किंवा ताक प्यावे. शीतपेये, फरसाण, बिस्किटे हा रोजचा आहार नव्हे. तो सणासमारंभाचा पाहुणा समजावा. आणि सणाच्या दिवशी पुरणपोळी वाढली, तर ती आनंदाने खावी. एका दिवसाच्या गोडाने शरीर बिघडत नाही. ते बिघडते रोजच्या बेहिशेबाने.

दुसरी गोष्ट खेळाची. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी एक तास अंग चांगले तापेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले आहे. त्यासाठी पैसा लागत नाही. लंगडी, खो-खो, कबड्डी, दोरीवरच्या उड्या, सूर्यनमस्कार यांना अंगण आणि उत्साह एवढेच भांडवल पुरते. अंगण नसेल तर जिना आहेच. लंडनच्या वाहकांना तोच पुरला. तिसरी गोष्ट झोपेची. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला रात्री नऊ ते बारा तास झोप हवी. झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते आणि मन गोडधोडाकडे धावते. एकदा आठ दिवस असे करून पाहा: आज आपण किती वेळ बसून होतो आणि किती वेळ खेळलो, हे रोज रात्री वहीत लिहून ठेवा. आकडे पाहून तुमचे तुम्हालाच काय ते कळेल. कोणाच्या उपदेशाची गरज भासणार नाही.

शेवटी एक गोष्ट सांगावीशी वाटते. शाळेच्या मैदानावर मी अनेक वर्षे पाहत आलो आहे, की दोन गडी निवडू लागले म्हणजे अंगाने जड असलेला मुलगा नेहमी शेवटी उरतो. कोणी त्याला नावे ठेवतो, कोणी हसतो. हळूहळू तो मैदानावर येणेच सोडून देतो आणि घराच्या कोपऱ्यात बसून राहतो. ज्याला हालचालीची सर्वांत अधिक गरज, त्यालाच आपण मैदानातून घालवून देतो! थट्टेने आजवर कोणाचे वजन उतरलेले नाही. तिने मने मात्र पुष्कळ मोडली आहेत. उद्या तुमच्यावर गडी निवडण्याची पाळी आली, तर त्या मुलाला पहिल्यांदा हाक मारा. तो कदाचित सावकाश धावेल, लवकर दमेल, एखादा डाव हरवीलही. पण तो धावेल. आणि परवा पुन्हा येईल.